बिनव्याजी कर्जाचा खर्च कोण भरतो, ते आधी विचारा

संपादक महोदय,
स. न.

इस्लामी म्हणजे बिनव्याजी बँकिंग, सूक्ष्मवित्त (गरिबांसाठीची छोटी कर्जे) आणि स्थानिक अर्थविकास या विषयावर प्रबंध लिहिले जातात, परिसंवाद भरतात, त्यांच्या बातम्याही वाचायला मिळतात. मांडणी बहुधा ठरलेली असते. व्याज निषिद्ध का, करारांचे प्रकार किती, आणि शेवटी एखाद्या संस्थेची नव्याण्णव टक्के वसुली. पण अशी संस्था ज्या आकड्यावर तगते किंवा बुडते तो त्यात क्वचितच सापडतो. एक कर्ज वाटून वसूल करायला किती रुपये लागले, आणि ते कोणी भरले? एवढ्या एका प्रश्नासाठी हे पत्र.

कायद्याची बाजू थोडक्यात. बँकिंग नियमन कायदा, १९४९ मधले कलम ८ बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही, त्यामुळे इस्लामी बँकिंगचे, व्याजाऐवजी वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर उभे असलेले, बरेचसे करार बँकेच्या दारातच अडतात. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये व्याजमुक्त बँकिंगचा विचार करावा असे सुचवले, दीपक मोहंती समितीने २०१५ मध्ये बँकांत त्यासाठी वेगळी खिडकी, म्हणजे स्वतंत्र विभाग, सुचवली, आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न नेण्याचे ठरवले. मधल्या काळात, २०१६ मध्ये, बार्शीत लोकमंगल सहकारी बँकेने असा प्रयोग सुरू केल्याचे आपल्याकडच्या वाचकांना आठवत असेल. आज व्यवहारात वाट उरते ती मुख्यतः सहकारी पतसंस्थेची. म्हणून हिशेबही पतसंस्थेचाच मांडतो.

समजा, सभासदांच्या एक कोटीच्या बिनव्याजी ठेवी आहेत. तरलतेसाठी, म्हणजे ठेवी परत मागितल्या तर देता याव्यात म्हणून, तीस लाख बाजूला ठेवले, सत्तर लाख येणे कर्ज. व्यवस्थापकाला महिना २०,०००, लिपिकाला १३,०००, वसुली कर्मचाऱ्याला १२,०००, भाडे ७,०००, संगणक प्रणाली, वीज, छपाई आणि लेखापरीक्षण मिळून ८,०००. म्हणजे महिन्याला ६०,००० आणि वर्षाला ७ लाख २० हजार. हे पगार कोणी जास्त म्हणणार नाही, आणि बुडीत कर्जाची तरतूद यात धरलेलीच नाही. आता सरासरी कर्ज वीस हजारांचे आणि परतफेड दोन हजारांच्या दहा मासिक हप्त्यांत असेल, तर दहा महिन्यांत एका कर्जापोटी सरासरी ११,००० रुपयेच बाहेर असतात. त्या हिशेबाने सत्तर लाखांत एका वेळी सुमारे ६३६ कर्जे चालू राहतात, वर्षाला साधारण ७६४ वाटली जातात, आणि दर कर्जामागे खर्च येतो सुमारे ९४० रुपये.

कर्ज-ए-हसना, म्हणजे मुद्दलच तेवढे परत घ्यायचे असे कर्ज, देणाऱ्या संस्थेला सेवाशुल्क घेता येते. पण ते प्रत्यक्ष खर्चापुरतेच असावे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्‌ह (धर्मकायदा) अकादमीने १९८६ मध्ये अम्मानच्या बैठकीत दिला होता. कर्जाच्या रकमेवर सरसकट टक्केवारी लावली की ते व्याजच झाले, असा आक्षेप येतो. म्हणून संस्था सगळ्यांना सारखे शुल्क लावते, आणि नेमकी इथेच गडबड होते. वीस हजारांच्या कर्जावर ९४० रुपये म्हणजे सरासरी बाकीवर वार्षिक सव्वादहा टक्के. पन्नास हजारांच्या कर्जावर तेच शुल्क जेमतेम चार टक्के पडते. आणि दहा हजार नेणाऱ्या भाजीवालीला पडते साडेवीस टक्के! मायक्रोफायनान्स कंपन्यांचे दर सर्वसाधारणपणे बावीस-सव्वीसच्या आसपास असतात. पाटी बिनव्याजी आहे, व्यवहार शंभर टक्के शरियतसंमत आहे, आणि सर्वांत गरीब सभासदाला पडणारा बोजा कंपनीच्या जवळ जाऊन पोहोचला आहे. हे कोणाच्या लबाडीने होत नाही, साध्या भागाकाराने होते. म्हणून संशोधकांनी हा भागाकार करावा, एवढाच आमचा आग्रह आहे.

यावर उपाय आहेत, पण ते कामाच्या पद्धतीत शोधावे लागतात. पहिल्या कर्जाला घरभेट, जामीनदारांची पडताळणी, करारपत्र असा सगळा खर्च येतो. वेळेवर फेडणाऱ्याच्या दुसऱ्या कर्जाला त्यातला निम्मासुद्धा येत नाही. मग दुसऱ्या वेळचे शुल्क तितकेच का? मोठ्या कर्जाला तारण-मूल्यांकन, जास्तीचे दस्त, वरिष्ठ समितीची मंजुरी लागते, म्हणजे तिथे खर्च खरोखरच जास्त असतो. कर्मचाऱ्यांनी तीन महिने कामाच्या वेळेची नोंद ठेवली तर खर्चाच्या पायऱ्या प्रामाणिकपणे ठरवता येतात. पिग्मी गोळा करणाऱ्याच्या त्याच फेरीत हप्ता घेतला तर वसुलीचा वेगळा पगार वाचतो. आणि वर्षअखेर जमा शुल्क खर्चापेक्षा जास्त निघाले तर जास्तीची रक्कम कर्जदारांना परत करावी लागेल. ती नफ्यात ओढली तर ‘प्रत्यक्ष खर्च’ या शब्दाला अर्थ राहत नाही.

तरलतेच्या त्या तीस लाखांचेही विचारले पाहिजे. ती रक्कम बहुतांशी बँकेत मुदतठेवीत असते आणि तिच्यावर व्याज येते. पंचवीस लाखांवर सात टक्क्यांनी पावणेदोन लाख, म्हणजे खर्चाचा जवळजवळ चौथा हिस्सा. काही संस्था ते धर्मादाय कामाला देतात, काही मुकाट्याने खर्चात वळवतात. दोन्हींचे समर्थन करता येईल, पण ताळेबंदात ती रक्कम ‘इतर उत्पन्न’ या सदरात दडवणे योग्य नाही. सभासदांना ती स्वतंत्र ओळीत दिसली पाहिजे.

बिनव्याजी कर्जे देणाऱ्या पाकिस्तानातल्या ‘अखुवत’ या संस्थेचे उदाहरण प्रत्येक परिसंवादात निघते. डॉ. अमजद साकिब यांनी २००१ मध्ये लाहोरमध्ये ती सुरू केली आणि २०२१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काम मोठेच आहे. कर्जवाटप मशिदीत होत असल्याने सभागृहाचा खर्च नाही, स्वयंसेवक आहेत, जामीन शेजारपाजारचा. पण पसारा वाढला तो देणग्यांवर आणि २०११ पासून पंजाब प्रांताच्या सरकारने स्वयंरोजगार योजनेसाठी दिलेल्या निधीवर. खर्च तिथेही आहेच, तो कर्जदाराऐवजी दुसरे कोणी भरतात. यात कमीपणा मुळीच नाही. आपल्याकडे डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत वेळेवर फेडणाऱ्या शेतकऱ्याला तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने पडते, कारण व्याजाचा भार शासन उचलते. अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावाही त्याच जातीचा. म्हणजे बिनव्याजी कर्ज महाराष्ट्राला नवे नाही. पण अखुवतची वसुली दाखवायची आणि तिचा निधी कुठून येतो ते सांगायचे नाही, अशा अभ्यासावर विसंबून तालुक्याच्या गावी पतसंस्था काढली तर ती तीन वर्षांत भागभांडवल खाऊन मोकळी होईल.

उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम फंडांनी वेगळा मार्ग काढला. देवबंदचा फंड १९६१ चा. ठेवी बिनव्याजी, कर्ज दागिन्यांच्या तारणावर, आणि खर्च अर्जाच्या फॉर्मच्या विक्रीतून. कर्ज जितके मोठे तितका फॉर्म महाग आणि मुदत वाढवायची तर नवा फॉर्म. संस्था टिकल्या, हे त्यांचे यश. पण फॉर्मची किंमत रकमेबरोबर आणि मुदतीबरोबर वाढत असेल तर ती खर्चाशी जोडलेली आहे हे दाखवण्याची जबाबदारी संस्थेची असते. शिवाय जिच्या कानात-गळ्यात काही नाही तिला या दारात कर्ज नाही.

आता मुराबहा. संस्थेने वस्तू स्वतः विकत घ्यायची आणि ठरलेला नफा उघड सांगून सभासदाला हप्त्यांनी विकायची. जगभरच्या इस्लामी सूक्ष्मवित्ताच्या २००८ च्या एका पाहणीत सत्तर टक्क्यांहून अधिक योजना याच प्रकारच्या निघाल्या होत्या, तेव्हा अभ्यासही याचाच बारकाईने व्हायला हवा. शिलाई यंत्राचे उदाहरण घ्या. किंमत २४,०००, नफा २,४००, एकूण २६,४००, म्हणजे २,२०० चे बारा हप्ते. क्रम असा असावा लागतो: सभासदाचा अर्ज, दुकानाचे कोटेशन संस्थेच्या नावाने, रक्कम थेट दुकानदाराच्या खात्यात, बिल आणि डिलिव्हरी चलन संस्थेच्या नावाने, यंत्र संस्थेच्या ताब्यात, आणि त्यानंतरच सभासदाशी विक्रीचा करार. ताबा तासाभराचा असला तरी चालेल, पण त्या तासात यंत्र पडून मोडले तर नुकसान संस्थेचे. ही जोखीमच नफ्याला न्याय्य ठरवते. हप्ता चुकला म्हणून किंमत वाढवता येत नाही. विलंबाचा दंड घेतला तर तो धर्मादाय खात्यात जातो, संस्थेच्या उत्पन्नात नाही.

व्यवहारात काय होते? दुकानापर्यंत जाण्याचा वेळ वाचवण्यासाठी संस्था सभासदालाच ‘प्रतिनिधी’ नेमते, चोवीस हजार रोख हातात देते आणि बिल आणून द्यायला सांगते. बिल येते, यंत्र येत नाही. पैसे लग्नात किंवा दवाखान्यात गेलेले असतात. मग ते मूळ रकमेवर दहा टक्के व्याजाचे साधे कर्जच झाले, फक्त त्याला दुकानाचा शिक्का आहे. हे कागदावर पकडता येते. बिलाची तारीख अर्जाच्या आधीची असते. वेगवेगळ्या सभासदांची बिले एकाच दुकानाची आणि लागोपाठच्या क्रमांकांची असतात. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक नसतो, डिलिव्हरी चलन तर नसतेच. दहा फायली काढून एवढ्याच गोष्टी तपासल्या तर संस्था खरा मुराबहा करते की नाही ते दुपारपर्यंत कळते. इतके सोपे काम असूनही प्रबंधांत प्रश्नावली भरून घेण्यावर भर असतो, फायलींवर नाही, याची खंत वाटते.

करांचा पेच याहून अवघड आहे. कर्जावरचे व्याज जीएसटीतून मुक्त आहे, पण सेवाशुल्क मुक्त नाही. नोंदणीकृत संस्थेला त्यावर १८ टक्के आकारावे लागतात. छोट्या संस्थेचे शुल्क वीस लाखांच्या आत राहते म्हणून ती सुटते. मात्र तिने मुराबहा सुरू केला की विकलेल्या मालाची पूर्ण किंमत उलाढालीत धरली जाते, मर्यादा ओलांडली जाते आणि तिच्या नफ्यावरही कर लागतो. म्हणजे व्याज घेणाऱ्याचा सभासद सुटतो आणि व्याज टाळणाऱ्याचा सभासद कर भरतो. शिवाय पतसंस्थेच्या उपविधींत सभासदांसाठी वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा उद्देश स्पष्ट नसेल तर लेखापरीक्षणात दोष निघतो, आणि तो योग्यच असतो.

नफा-तोट्यातल्या भागीदारीचे, मुशारका-मुदारबाचे, ग्रंथांत फार कौतुक असते. हातगाडीवाला रोजची विक्री लिहून ठेवत नाही, त्याचा नफा तपासायला माणूस ठेवला तर नफाच संपेल. लहान कर्जांत हा प्रकार क्वचितच चालतो, आणि त्याचे कारण एवढेच आहे.

ठेवीदारांबद्दल कळकळीने लिहावेसे वाटते. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखे पाच लाखांपर्यंतचे ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही. बिनव्याजी ठेवीदार परतावा सोडतो आणि विम्याविना राहतो. त्याच्या विश्वासाची किंमत मोठी आहे. याच विश्वासाचा गैरफायदा बंगळुरूच्या आयएमए या गुंतवणूक कंपनीच्या प्रकरणात घेतला गेला. लोकांना भागीदार करून घेतले, हलाल नफा म्हणून दरमहा मोठी रक्कम दिली आणि जून २०१९ मध्ये सगळे कोसळले. ठेव कर्ज-ए-हसनाची असेल तर तिच्यावर एक रुपयाही ठरलेला परतावा मिळू शकत नाही. आणि भागीदारी असेल तर दरमहा ठरलेली रक्कम मिळू शकत नाही, कारण धंद्यात दर महिना सारखा जात नाही. दरमहा ठरावीक रक्कम कबूल करणाऱ्याकडे, तो कोणत्याही धर्माचे नाव घेवो, पैसे ठेवू नका.

राहिला स्थानिक विकासाचा मुद्दा. सकाळी नऊशे घेऊन संध्याकाळी हजार फेडणारा भाजीविक्रेता त्या चक्रातून सुटला का, मालेगावच्या छोट्या यंत्रमागधारकाला उधारीऐवजी रोखीने सूत घेता आले का, आणि त्यामुळे सुताचा भाव किती उतरला, हे मोजले तर विकास दिसेल. कर्ज घेण्याआधीचे आणि दोन वर्षांनंतरचे सावकाराचे देणे विचारा. वसुलीचे आकडे घेताना तीस दिवसांपेक्षा जास्त थकलेल्या खात्यांची बाकी वेगळी मागा, आणि किती जुनी कर्जे नव्या कर्जातून फेडून घेतली तेही विचारा. नव्याण्णव टक्क्यांतले काही टक्के तिथे विरघळतात.

सहकार खात्याकडे दोन मागण्या आहेत. व्याजमुक्त पतसंस्थांसाठी आदर्श उपविधी तयार करावेत, त्यांत मुराबहाची कागदपत्रे आणि सेवाशुल्काची कमाल मर्यादा असावी. आणि लेखापरीक्षण अहवालात दर कर्जामागचा खर्च, जमा शुल्क व बँकठेवीवरचे व्याज या तीन रकमा शेजारी-शेजारी देणे सक्तीचे करावे. आपल्या वृत्तपत्रानेही अशा संस्थांच्या वार्षिक सभांचे वृत्त देताना ठेवी-कर्जांच्या आकड्यांसोबत या तीन रकमा विचारून छापाव्यात, ही विनंती.

आपले,
पतसंस्थांच्या लेखापरीक्षणाचे काम करणारे काही वाचक,
सोलापूर