साहेबांच्या पश्चात पेन्शनचे कागद

महोदय,

लष्करातून निवृत्त झालेले अधिकारी घराला किती जपतात, हे त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. बदल्यांपायी मुलांच्या शाळा, आईवडिलांची आजारपणे हातून निसटलेली असतात. निवृत्तीनंतर ते भरून काढायची धडपड चालते, देवाधर्मालाही निवांत वेळ मिळतो. या सगळ्यात एक काम मात्र हमखास राहते, ते म्हणजे पत्नीच्या नावाचे कागद. नोकरीत ते युनिटचा हेडक्लार्क बघायचा, त्यामुळे साहेबांनी फाइल कधी उघडलेलीच नसते. झळ बसते ती त्यांच्या पश्चात पत्नीला.

सर्वांत जास्त अडते ते नावापाशी. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची पद्धत आहे. त्यामुळे पेन्शनच्या हुकुमावर, म्हणजे पीपीओवर, सासरचे नाव, आधारवर माहेरचे आणि पॅनवर आडनाव आधी, असा घोळ असतो. साहेब हयात असताना दोघांचे प्रतिज्ञापत्र, विवाहाचा दाखला आणि त्यांची सही एवढ्यावर हे बहुधा निस्तरते. नंतर तेच काम एकट्या बाईला दारोदार फिरवते.

दुसरी अडचण जन्मतारखेची. जुन्या पीपीओंमध्ये पत्नीची जन्मतारीख अनेकदा नसतेच. कुटुंब निवृत्तिवेतनात, म्हणजे साहेबांच्या पश्चात पत्नीला मिळणाऱ्या पेन्शनमध्ये, तिच्या वयाच्या ८० व्या वर्षापासून २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० आणि शंभरी गाठल्यावर १०० टक्के जादा रक्कम मिळते. तारीखच नोंदलेली नसेल तर ही वाढ लागणार कशी? हा पैसा ज्या वयात औषधपाण्याला लागतो, त्याच वयात तो अडकून पडतो.

रकमेचा हिशेबही आधीच सांगून ठेवावा. समजा, अखेरचे मूळ वेतन १,२०,००० रुपये होते. साहेबांचे निवृत्तिवेतन निम्मे, म्हणजे ६०,००० रुपये. ते ६७ वर्षांच्या आत गेले, तर पत्नीला सात वर्षे किंवा साहेबांची सदुसष्टी जेव्हा झाली असती तोवर, यांतले जे आधी येईल तेवढा काळ अखेरच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के मिळतात. पुढे ३०, म्हणजे ३६,००० रुपये. सदुसष्टीनंतर गेले तर पहिल्यापासूनच ३० टक्के. महागाई भत्ता वेगळा. मृत्यू सेवेमुळे जडलेल्या अपंगत्वातून झाला असेल तर दर वेगळे लागू होऊ शकतात, म्हणून मेडिकल बोर्डाचे कागद कधीही टाकू नयेत. एक दिलासा असा, की साहेबांनी निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले असले, तरी त्यापायी पत्नीची रक्कम कमी होत नाही.

करायचे काय? 'स्पर्श' या संरक्षण दलांच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत लॉगिन करून कुटुंबाची माहिती उघडावी आणि प्रत्येक अक्षर आधारशी ताडून पाहावे. जवानांची कागदपत्रे त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात, अधिकाऱ्यांची सेना मुख्यालयाच्या ॲडज्युटंट जनरल शाखेत. अर्ज चुकीच्या दाराशी गेला की महिने वाया जातात. मार्ग सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. निवृत्तिवेतनाचे खाते पत्नीसह संयुक्त असावे. थकबाकीसाठीचे नामनिर्देशन वेगळे असते, तेही तपासावे.

घरात कायमचे अपंगत्व असलेले मूल असेल तर हे काम आजच करा. आईनंतर त्या मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, आणि त्याचे नाव पालकांच्या हयातीतच पीपीओत नोंदवता येते. त्यासाठी अपंगत्वाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. मूल बौद्धिकदृष्ट्या अपंग असेल तर आईवडिलांनंतर त्याचा कायदेशीर पालक कोण, हेही आधीच ठरवावे. ही नोंद नसली की भावंडांना, मनात असूनही, कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

अंत्यविधीबाबतही साहेबांनी स्वतः लिहून ठेवावे. पलटणीच्या मंदिरात, गुरुद्वारात, सर्वधर्मस्थळात जवानांबरोबर त्यांच्या श्रद्धेने बसणाऱ्या अधिकाऱ्याचा स्वतःचा विधी कसा व्हावा, यावर घरात वाद होता कामा नये. लष्करी मानवंदना हवी असेल तर नातेवाइकांनी लगेच जवळच्या स्टेशन हेडक्वार्टरला, म्हणजे तिथल्या लष्करी ठाण्याच्या मुख्य कार्यालयाला, कळवावे. काय शक्य आहे ते तिथेच सांगतात. लष्करी इतमामात तिरंगा पांघरला, तर केशरी पट्टा डोक्याकडे असतो, आणि ध्वज चितेवर जाळायचा किंवा कबरीत ठेवायचा नसतो.

एका साध्या चुकीने तर घरेच्या घरे अडकतात. 'स्पर्श'वर मोबाइल क्रमांक साहेबांचा असतो आणि मुले तेराव्यानंतर ते सिम बंद करतात. मग ओटीपी येणार कुठे? पत्नीचे निवृत्तिवेतन सुरू होऊन तिचा क्रमांक नोंदला जाईपर्यंत सिम चालू ठेवावे. मृत्यू मात्र लगेच कळवावा. त्यानंतर चुकून जमा झालेले निवृत्तिवेतन वसूल होते, म्हणून त्या पैशाला हात लावू नये. पुढे दर वर्षी हयातीचा दाखला पत्नीलाच द्यायचा असतो. म्हातारपणी बोटांचे ठसे झिजून यंत्रावर उमटत नाहीत, तेव्हा मोबाइलवर चेहऱ्याने ओळख पटवून 'जीवन प्रमाण', म्हणजे हाच दाखला डिजिटल स्वरूपात, काढता येतो.

– माजी सैनिकांना निवृत्तिवेतनाच्या कामात मदत करणारे कार्यकर्ते