लग्नाआधी दात बसणार नाहीत

रामबाग, इंदूर

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, काल तुम्ही फोनवर म्हणालात, "एफडी मोडतो, पण नातीच्या लग्नाआधी दात बसवून घे." मी हो-हो केलं आणि विषय बदलला. फोनवर मला हे सांगता येत नाही, मध्येच आईचा गळा भरून येतो आणि मग राहतंच. म्हणून लिहिते आहे. लग्नाआधी दात बसणार नाहीत. एफडी मोडू नका.

आधी आईसाठी. माझ्या दाढा सराफ्यातल्या जिलबीने गेल्या नाहीत, गं. (भुट्ट्याच्या किसाने तर नाहीच.) माझ्या या क्रोन्सला आपण पोटाचा आजार म्हणतो, पण तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. सातवी-आठवीत मला सारखं तोंड यायचं, तू उष्णता झाली म्हणून गुलकंद आणि सब्जा द्यायचीस, आठवतं? ती आजाराची सुरुवात होती की नुसतंच तोंड आलं होतं, आता कोण सांगणार. निदान व्हायला पुढे १५ वर्षं गेली. लहान आतड्याच्या शेवटाला सूज, त्यामुळे तिथे शोषलं जाणारं बी१२ कमी, लोह कमी, ड जीवनसत्त्वही कमी. आजार उसळला की प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. त्याने सूज उतरायची, पण स्टेरॉइड वारंवार घेतलं की हाडं विरळ होतात, आणि जबडा हाडाचाच असतो. त्यात आजारपणाचे दिवस ओआरएस आणि गोड पेयांवर काढायचे, तोंड एवढं आलेलं की ब्रश लावायची हिंमत होत नसे. हिरड्या सुटत गेल्या. आधी वरची एक गेली, मग खालची दाढ.

आता इम्प्लांटचं. टायटॅनियमचा स्क्रू जबड्यात बसवतात आणि हाड त्याला धरून वाढतं. बाबा, तुम्हाला ही गोष्ट आवडेल: ब्रोनेमार्क नावाचा स्वीडिश डॉक्टर १९५२ साली सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण ठेवून अभ्यास करत होता. काम झाल्यावर काढायला गेला, तर ते हाडात पक्कं रुतलेलं! १९६५मध्ये त्याने पहिल्या माणसाला दात बसवले. पण हाडाने स्क्रू धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. लग्नाला उरलेत दोन. एवढा हिशोब तुम्हीच केला असता.

आणि वर्षभर हातात असतं तरी आत्ता मी नाहीच म्हटलं असतं. सध्या आजार जागा आहे, सूज आहे, इन्फ्लिक्सिमॅब हे क्रोन्सचं औषध चालू आहे. ते प्रतिकारशक्ती दाबतं. अशात जबड्यात छेद घेतला तर जंतुसंसर्गाची भीती जास्त. क्रोन्स असलेल्यांचे काही इम्प्लांट लवकर सैल झाल्याचं एखाद-दुसऱ्या अभ्यासात दिसलंय, पण असे अभ्यास थोडेच आहेत. म्हणजे मला कधीच बसवता येणार नाहीत, असं नाही. आधी पोट शांत व्हायला हवं, मग डेक्सा स्कॅन (हाडं किती भक्कम आहेत ते बघायचा), मग पोटाचे आणि दातांचे डॉक्टर एकमेकांशी बोलून दिवस ठरवतील.

हे मी पहिल्या दवाखान्यातून पळून आल्यावर शिकले. तिथे "आजच स्क्रू टाकू" म्हणाले, मी काय औषधं घेते हे विचारलंही नाही. वर दुखण्यावर आयब्युप्रोफेन लिहून दिलं, ज्याने माझं आतडं चिडू शकतं. मी पॅरासिटामॉलवर रात्र काढली. दाढ नंतर दुसरीकडे काढली. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, रागावू नका.

तर लग्नात मी काढता-घालता दात लावून येते आहे. फोटोत कळणार नाही. आई, माझ्या पानात चकली वाढू नकोस, मऊ भात-वरण पुरे, आणि कुणी विचारलंच तर सरळ सांग, कुजबुज नको.

बाबा, तुमची कवळी भिजवायचा तो झाकणाचा डबा कुठून आणला होतात? तसाच एक मला घेऊन ठेवा.

तुमची,
बेबी