स्वस्त गाडीला नावे ठेवू नका

महोदय,

शहरातल्या कोंडीचे खापर स्वस्त गाड्यांवर फोडणारी पत्रे वाचून राहवले नाही. २००८ मध्ये एक लाखाची नॅनो जाहीर झाली तेव्हाही हीच ओरड झाली होती. पावसात स्कूटरवरून जाणारे कुटुंब पाहून ती गाडी सुचल्याचे रतन टाटांनी सांगितले होते. आमच्या दारव्हा तालुक्यात ते कुटुंब आजही दुचाकीवरच आहे, मागे बाळंतीण अन् तिच्या मांडीवर लेकरू. शकुंतला रेल्वे बंद पडली, मुक्कामी एसटीचा भरवसा नाही. कापसाचे चुकारे मिळाले की कुणी जुनी अल्टो घेतो, ती चैन नव्हे. रात्री-बेरात्री यवतमाळचा दवाखाना गाठायचा असतो. आमच्या गल्लीतली अशी एकुलती गाडी सगळ्यांच्याच अडीनडीला धावते.

खरे दुखणे रस्त्याचे आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम-खडीचा जाड थर आणि बाजूला नाली नसेल तर वरचे डांबर टिकणार कसे? आमच्याकडे नाली न खोदताच डांबर पडते. येत्या पावसाळ्याआधी निदान नाल्या तरी खोदाव्यात, आणि संध्याकाळची एसटी रोज सोडावी.

— एक कापूस उत्पादक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ