सेएत

अलिबाग

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

काल शनिवारचा शब्बाथ उतरल्यावर तुझा फोन आला, तेव्हापासून झोप नाही. ‘बाबा, मी सिनेगॉगात तोरा वाचायला परत तेब्यावर चढणार नाही,’ म्हणालास. आई म्हणते, पत्र लिहा, पण उपदेश नको. बघतो.

वाचताना ‘सेएत’च्या, म्हणजे अंगावरच्या सुजेच्या, जागी ‘शेएत’ गेलं, एवढंच ना? अरे, सेफर तोरात, हाताने लिहिलेल्या त्या गुंडाळीत, सीन आणि शीन, म्हणजे ‘स’ आणि ‘श’, एकाच अक्षराने लिहितात. ठिपका नाही, काना-मात्रा नाही, सगळं पाठांतरावर. शब्द चुकला की लोक मोठ्याने सांगतात, तेवढं परत वाचून पुढे जायचं. रीतच आहे ती. मलाही टोकलंय, तेही सासऱ्यांसमोर. हसले त्यांचं मात्र चुकलं. त्यांचा मला राग आलाय, लपवत नाही.

पण तू परत वर जाशील ना?

हा शब्द येतो ती तज्रिया-मेत्सोरा तर तुझी परशा, तुझ्या आठवड्याचा तोरापाठ. तेराव्या वर्षीच्या बार मित्झवाच्या आधी केवढा रुसला होतास! दुसऱ्यांना नोहाचं तारू, तांबडा समुद्र, आणि आपल्या वाट्याला अंगावरचे चट्टे. मग एका पावसाळी दुपारी घराच्या भिंतीवरच्या हिरवट-तांबूस डागांपर्यंत पोचलास आणि मला ओढत मागच्या खोलीत नेलंस. पाणंदीच्या बाजूची ती भिंत, बोट लावलं की ओला चुना हाताला यायचा. ‘बाबा, कोहेनला बोलवा.’ असे डाग तपासणारा पुरोहित तो. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंत कोहेन कुठून आणू? शेवटी गवंडी आणला. पेणच्या आत्याला तू ते वर्षभर सांगत होतास.

आणि तो शनिवार. कठड्यावर तुझं डोकं दिसेना म्हणून पायाखाली पाट दिला. ओळीवर फिरवायचं हातातलं चांदीचं बोट थरथरत होतं. दुसऱ्या वचनाला थरथर थांबली. मी वर बघितलंच नाही, डोळे भरले होते.

काल आम्ही आठच जमलो. दहा पुरुष झाल्याशिवाय सेफर बाहेर काढता येत नाही, म्हणून सेफर ठेवायच्या हेखालचा पडदा सरकवलाच नाही. मोठ्या काकांनी छापील पुस्तकातून परशा वाचली, आम्ही ऐकली. तिकडे इस्रायलात अश्दोदला माणसांना तोटा नाही, आणि ज्याला वाचता येतं तो मागच्या बाकावर बसणार? आपल्या आळीत हे येणारा तू शेवटचा आहेस, बाबू.

झालं, सुरू झालो. हे ओझं तुझ्यावर टाकायला नको होतं. माफ कर. नोकरी नवी, भाषा नवी, खोलीवर एकटा आहेस, मला कळतं. जेवतोस ना नीट? आईने कोकमं आणि बोंबलाची चटणी पाठवली आहे, येणाऱ्याकडून घे.

तोरासाठी वर बोलावतात त्या सात जणांत तुझं नाव घेतलं तर नुसती बेराखा, तेवढं आशीर्वचन, म्हण, वाचू दे दुसऱ्याला. पण वर जा.

पुढच्या शनिवारी तारे दिसल्यावर फोन कर. इकडे दहा वाजून गेलेले असतील, मी जागा असेन.

तुझा,
बाबा