मांजराचे वजन उतरवा, पण उपाशी ठेवून नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पाळीव मांजर आता अंगणातून फ्लॅटमध्ये आले आहे. नसबंदी झालेली, दिवसभर सोफ्यावर लोळणारी सहा-सात किलोंची मांजरे सर्रास दिसतात. त्यांचे वजन कमी व्हायला हवे हे घरच्यांना पटते. पण शेजारीपाजारी सल्ला देतात तो असा : ‘दोन-तीन दिवस काही घालू नका, आपोआप उतरेल, शिवाय उंदीरही धरेल.’ हा सल्ला मांजराच्या जिवावर बेततो, म्हणून हे पत्र.

लठ्ठ मांजराचे खाणे बंद झाले की शरीर साठवलेली चरबी सोडू लागते. ती यकृताकडे जाते, पण मांजराचे यकृत तिचा तेवढ्या वेगाने निचरा करू शकत नाही. यकृताच्या पेशी चरबीने भरतात आणि काम मंदावते. मग मांजराची उरलीसुरली भूकही जाते, म्हणजे आजार स्वतःच स्वतःला वाढवतो. अन्नाचा वास घेऊन तोंड फिरवणे, उलट्या, लाळ गळणे, मलूलपणा ही लक्षणे. कानाची आतली बाजू, हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसला तर कावीळ झाली आहे. अशा मांजराला कित्येक आठवडे नळीने भरवावे लागते आणि तरीही सगळी वाचत नाहीत. लठ्ठ मांजराने पूर्ण एक दिवस तोंडाला काही लावले नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. उंदरांचे म्हणाल, तर पोटभर खाल्लेले मांजरही शिकार करते. त्यासाठी त्याला उपास घडवायची गरज नाही.

‘डाएट’चे महागडे खाद्य आणून जुने एका दिवसात बंद करणेही तितकेच धोक्याचे. मांजराला ते रुचले नाही तर ते खरोखरच खात नाही. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब इथे चुकतो. जुन्यात आधी पाव हिस्सा नवे, मग अर्धे, मग पाऊण, असे सात ते दहा दिवसांत बदला.

मांजर खरेच लठ्ठ आहे का, हे हाताने कळते. आपल्या उताण्या तळहाताखालची हाडे जशी मांसाखाली दडलेली लागतात तशा बरगड्या लागल्या तर वजन जास्त. हाताच्या पाठीवरून बोट फिरवताना लागतात तशा लागल्या तर ठीक.

आता किती घालायचे. आधी योग्य वजन डॉक्टरांकडून ठरवून घ्या. समजा मांजर 6 किलोंचे आहे आणि योग्य वजन 4 किलो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर 4 × 4 × 4 करा, 64 येतात. दोनदा वर्गमूळ काढा, 2.83 येतात, त्याला 70 ने गुणा, साधारण 198. त्याचे 80 टक्के म्हणजे जवळपास 160 कॅलरी, हा दिवसभराचा आकडा. पाकिटावर 100 ग्रॅमला 380 कॅलरी लिहिल्या असतील तर दिवसाला 42 ग्रॅम. हे वाटीने मोजू नका. वाटीत दहा ग्रॅम सहज जास्त पडतात आणि दहा ग्रॅम म्हणजे इथे जवळजवळ चौथा हिस्सा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. मात्र साधे खाद्यच खूप कमी केले तर प्रथिनेही कमी पडतात आणि चरबीऐवजी स्नायू झडतात. म्हणून कपात मोठी असेल तर वजन उतरवण्यासाठी बनवलेले, जास्त प्रथिनांचे खाद्य डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे.

आपल्याकडची खरी गोम दुधात आहे. म्हशीच्या 100 मिली दुधात शंभराहून थोड्या अधिकच कॅलरी असतात. सकाळ-संध्याकाळ एकेक बशी दूध गेले की मांजराचा दिवसाचा कोटा तिथेच संपतो, आणि वर खाद्य चालूच! एका ग्लुकोज बिस्किटात वीसेक कॅलरी. कुंद्याचे बोट चाटवणाऱ्यांनी तर हिशेबच करू नये. दूध-भाकरीच्या काल्यावर मांजर जगते हा समजही सोडायला हवा. मांजर मूळचे मांसाहारी आहे. त्याला मांसातून मिळणारे टॉरिन लागते, ते न मिळाल्यास डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. वरखाऊ द्यायचेच तर मीठ-मसाला न घातलेले उकडलेले चिकन, दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शाइतकेच, आणि तेही 160 मधून वजा करून. कांदा-लसूण मांजराला विषारी आहे, त्यामुळे रश्श्यातला तुकडा धुऊनही घालू नका. बांगडा, तारली तेलकट. त्यांचे रोजचे ताट नको.

ठरलेले खाद्य तीन-चार वेळांत वाटा. शेवटचा वाटा रात्री झोपताना ठेवा, म्हणजे पहाटेची ओरड कमी होते. पहाटे ओरडल्यावर एकदा जरी घातले तरी ते रोज उठवणार. घरात दोन मांजरे असतील तर बारीक मांजराचे ताट लठ्ठाला चढता येणार नाही अशा उंचीवर ठेवा. शेजारच्या घरीही सांगून ठेवा. अर्धे प्रयत्न तिथल्या बशीत बुडतात.

वजन दर आठवड्याला, एकाच काट्यावर, खाण्याआधी. माणसाच्या वजनकाट्यावर मांजर कडेवर घेऊन केलेली वजाबाकी शे-दोनशे ग्रॅमने हुकते. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चांगला. टोपलीसकट ठेवा, टोपलीचे वजन वजा करा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांनी असा एक छोटा काटा लोकांसाठी खुला ठेवावा, ही आमची विनंती. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरले की पुरे, म्हणजे सहा किलोंच्या मांजराचे 30 ते 60 ग्रॅम. दोन टक्क्यांहून जास्त उतरू लागले तर खाणे वाढवा. तीन-चार आठवडे काटा हललाच नाही तर आधी घरात चोरून कोण घालते ते पाहा, मग पाच-दहा टक्के कमी करा. एक टक्क्याच्या गतीने 6 चे 4 किलो व्हायला नऊ-दहा महिने लागतात, अर्ध्या टक्क्याच्या गतीने दीड वर्षाहून थोडे अधिक.

सुरुवातीलाच रक्त-लघवी तपासून घ्या. लठ्ठ मांजर भरपूर पाणी पीत, भरपूर मुतत झपाट्याने उतरत असेल तर तो मधुमेह असू शकतो. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असलेल्या मांजराचे खाणे डॉक्टरांना न विचारता कमी केल्यास साखर एकदम खाली जाऊन झटके येतात. आणि बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल, लघवीचा थेंबही येत नसेल, तर त्याच रात्री दवाखाना गाठा. सकाळपर्यंत थांबू नये.

योग्य वजन आले की खाणे दर दोन आठवड्यांनी दहा टक्क्यांनी वाढवत जा, वजन स्थिर राहील तिथे थांबा आणि पुढे महिन्यातून एकदा काट्यावर ठेवत राहा.

— काही पशुवैद्यक, टिळकवाडी, बेळगाव