थिबा राजाबद्दल तू विचारलंस म्हणून

प्रिय मनू,

तुझ्या ऑफिसातली ती म्यानमारची मुलगी म्हणाली ना, की तू रत्नागिरीची म्हणजे आमच्या राजाच्या गावची, आणि तुला पटकन काही सांगता आलं नाही. आपल्याकडे सगळ्यांचं तसंच आहे गं, थिबा पॅलेस म्हणजे शाळेची सहल आणि थिबा पॉइंट म्हणजे संध्याकाळी भाट्याची खाडी बघायला जायची जागा, तो राजा कोण होता ते कोणी विचारत नाही. पण फोन ठेवताना तू जे म्हणालीस ना, की व्हिसाच्या स्टॅंपिंगमुळे दोन वर्षं गणपतीला येता आलं नाही, आजी गेली तेव्हाही नाही, मग आई मी पण हद्दपारच ना, ते काही माझ्या डोक्यातून जाईना. फोनवर मला नीट बोलता येत नाही म्हणून लिहितेय, सावकाश वाच.

थिबा म्हणजे ब्रह्मदेशचा, आजच्या म्यानमारचा राजा, मंडाले त्याची राजधानी. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, लढाई म्हणावी अशी फार झालीच नाही, राजाला आणि राणीला बैलगाडीत बसवून नदीवर नेलं आणि बोटीत चढवलं. वय २६. आधी मद्रासला ठेवलं आणि १८८६ च्या एप्रिलात इथे आणलं. इथेच का, तर रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे चार महिने तसाही जगाशी संबंध तुटलेला, आणि ब्रह्मदेश राहिला पार दुसऱ्या समुद्रापलीकडे. म्हणजे आपल्या गावाचं आडबाजूला असणं हीच त्याची शिक्षा. मला हे वाचल्यापासून फार लागलंय, आपण ज्या गावावर जीव टाकतो ते दुसऱ्या कुणाला कैद म्हणून दिलं होतं.

आणि इंग्रजांची पद्धतच ही होती बघ. दिल्लीच्या बहादूरशहा जफरला १८५८ मध्ये नेलं रंगूनला, तो तिथेच १८६२ ला गेला. ब्रह्मदेशच्या राजाला आणलं कोकणात. आपले टिळक, जन्म इथलाच, टिळक आळीतला, त्यांना १९०८ ला पाठवलं मंडालेच्या तुरुंगात, १९१४ पर्यंत. म्हणजे ती सहा वर्षं मंडालेचा माणूस रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. १९१२ मध्ये टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या आणि ते तिकडे कोठडीत, त्याच वर्षी थिबाची धाकटी राणी इथे वारली. मला या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाचायला मिळाल्या होत्या, एकत्र ठेवून बघितल्या तेव्हा पोटात खड्डा पडला.

तू म्हणशील राजाला कसला त्रास, पेन्शन होती, नोकर होते, १९१० च्या सुमाराला तो एवढा मोठा पॅलेस बांधून दिला. खरंय. पण फिरायला निघायचं तरी बरोबर पहारा, कोणी भेटायला यायचं तर सरकारला विचारून. पेन्शन पुरेना म्हणून मंडालेहून आणलेले माणकांचे दागिने एकेक करून विकावे लागले. बरं हे सगळं एखाद्याने सोसलंही असतं, पण कधी सुटणार ते सांगितलेलंच नाही! टिळकांना निदान सहा वर्षं म्हणून सांगितलं होतं. थिबाला काहीच नाही. ३० वर्षं तो इथे होता, १९१६ च्या डिसेंबरात गेला, आणि राणी सुपायालत अडून बसली की पुरायचं तर आमच्या देशात, शवपेटी तशीच ठेवली, शेवटी १९१९ मध्ये सरकारने जबरदस्तीने इथेच दफन करायला लावलं. मेलेल्या माणसालाही परत जाऊ द्यायचं नाही. राणीला मग जायची परवानगी मिळाली, तीही रंगूनपर्यंतच, मंडालेत राहायला नाही, आणि १९२५ ला ती रंगूनलाच वारली.

मला सगळ्यात जास्त विचार करावासा वाटतो तो थोरल्या राजकन्येचा. ती आली तेव्हा पाचेक वर्षांची असेल, बाकी सगळं आयुष्य इथेच. बरोबरीचं स्थळ कुठून येणार, बाहेरचं माणूसच भेटत नव्हतं. पॅलेस बांधायच्या आधी ते राहायचे तिथल्या गोपाळ सावंत नावाच्या पहारेकऱ्यावर तिचा जीव जडला, त्याचं लग्न आधीच झालेलं होतं, १९०६ मध्ये तिला मुलगी झाली, टुटू. आईवडिलांना ते किती लागलं असेल तुला कळेल. पण पुढचं ऐक, राणी रंगूनला परत गेली तेव्हा ही पण गेली आणि थोड्याच काळात मुलीला घेऊन रत्नागिरीलाच परत आली. स्वतःच्या देशातून! गरिबीत राहिली, १९४७ ला इथेच वारली. टुटू तर अख्खी इथलीच झाली, मराठी बोलायची, इथेच संसार केला, शेण्या थापल्या, कागदाची फुलं करून विकली, २००० साली गेली. राजाची नात.

लोक थोरलीबद्दल काय वाट्टेल ते बोलतात, मी कधी बोलले नाही आणि तूही बोलू नकोस. आयुष्यात एकदाच तिला कुठे राहायचं ते स्वतः ठरवता आलं आणि तिने ते ठरवलं. आपल्याला ते चुकीचं वाटो की बरोबर.

आता तुझं. मी तुला "तू हद्दपार नाहीस" असं ठणकावून सांगणार नाही, कारण आजीच्या दिवसांना तू स्क्रीनवर रडत होतीस ते मी बघितलंय आणि कुठल्यातरी टेबलावर पडलेल्या कागदासाठी माणसाला आपल्या माणसाचं तोंड बघता येऊ नये हे वाईटच आहे. पण तुला सगळं सोडून उद्या निघायचं असेल तर तू निघू शकतेस, विमानतळावर तुला कोणी अडवणार नाही, नोकरी जाईल, कर्ज राहील, पण दार इकडून उघडं आहे. तुझ्या त्या मैत्रिणीला तसं नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत लष्कराने सत्ता घेतली आणि तेव्हापासून ती जाऊ शकत नाही म्हणतेस, भाऊ तिकडे, आई तिकडे. तिच्यासमोर हा शब्द वापरताना जरा जपून वापर, एवढंच. आणि तुझं तिकडेच मन रमलं, तिकडेच राहायचं ठरवलंस तर ते सांगायला घाबरू नकोस. मला वाईट वाटेल, खूप वाटेल, बाबांना तर जास्तच. पण "व्हिसामुळे अडकले" असं दर वर्षी सांगत तू पन्नाशीला पोचलेली मला बघवणार नाही. राहायचं तर ठरवून राहा, यायचं तर ठरवून ये, घरातलं काही विकायला लागलं तरी चालेल, कर्जाचं आपण बघू.

थिबाची कबर शिवाजीनगरला आहे, तुझ्या क्लासच्या पुढे, बघितली असशील पण लक्षात नसेल. २०१२ ला म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले होते, थिबाला जाऊन शंभर वर्षं झाली तेव्हा घराण्यातले लोकही आले होते. या डिसेंबरात मी जाणार आहे. तुझ्या त्या मैत्रिणीला म्हणावं, हवं तर तिथून तिला व्हिडिओ कॉल करीन, तिच्या वतीने काही ठेवायचं असेल तर ठेवीन. त्यांच्यात काय वाहतात, फुलं कुठली चालतात, मेणबत्ती लावतात का, ते नीट विचारून मला कळव, म्हणजे मी आधीपासून आणून ठेवते. तिकडे रात्र असेल तेव्हा, म्हणून वेळही तिलाच ठरवायला सांग.

तुझी,
आई