नैरोबीतल्या गोवेकरांचे क्लब

पणजी

प्रिय अवधूत,

सप्रेम नमस्कार. मंडळाच्या स्मरणिकेसाठी ‘परदेशात आपल्या लोकांनी काढलेल्या क्लबांवर काहीतरी लिही’ म्हणून तू मागे लागला आहेस. लेखाचं नंतर बघू. सध्या माझ्या डोक्यात नैरोबीचे गोवेकर घोळतायत, ते आधी ऐक.

मुंबईत धोबी तलावला जेर महालात गोवेकरांचे कूड आहेत, माहीतच असेल तुला. एकेका गावाचा एकेक कूड. भिंतीलगत ट्रंका, समोर वेदी, संध्याकाळी तेर्स (जपमाळेची सामूहिक प्रार्थना), आणि बोटीवर नोकरी मिळेपर्यंत पथारी टाकायला जागा. याच गोव्यातली माणसं आगबोटीनं केनियातल्या मोंबासा बंदरात उतरली. 1899 मध्ये रेल्वे नैरोबीला पोचली, तशी कारकून, खानसामे, शिंपी असे सगळेच तिकडे सरकले. डॉ. रिबेरो नावाचे गोवेकर डॉक्टर 1900 मध्ये नैरोबीत आले. त्यांनी तंबूत दवाखाना थाटला, आणि ते रुग्ण बघायला चक्क झेब्र्यावर बसून जात! (थाप नाही, फोटो आहे.)

1905 मध्ये त्यांनी गोवन इन्स्टिट्यूट काढली. ही मंडळी कागदोपत्री पोर्तुगालची प्रजा, चाकरी इंग्रजांची. जनगणनेतसुद्धा त्यांचा रकाना इतर हिंदी लोकांपासून वेगळा. पुढे 1913 मध्ये नैरोबीत मुथायगा कंट्री क्लब झाला, तो फक्त गोऱ्यांचा. तेव्हा बिलियर्ड्स, टेनिस, बॉलडान्स, सगळं यांनी आपल्याच आवारात केलं. इथवर वाचताना छाती फुगते.

पण याच गोवन इन्स्टिट्यूटमध्ये शिंप्यांना आणि खानसाम्यांना मज्जाव होता. कारकुनानं साहेबाच्या दारात जे सोसलं, तेच त्यानं आपल्या गाववाल्याला दाखवलं. गोव्याची जातपातही बोटीत बसूनच आली होती म्हणा. शिंप्यांनी मग सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावानं आपली वेगळी सोसायटी काढली. रेल्वेवाल्यांची वेगळी, जिमखाना आणखी वेगळा. मूठभर लोक आणि इतकी दारं! मला या भागाचा खरंच राग येतो.

गंमत म्हणजे या चुरशीनं हॉकी पिकली. गोवेकरांचे क्लब आणि शिखांचा सिख युनियन क्लब एकमेकांना भिडत राहिले, आणि त्यांतूनच केनियाचा संघ उभा राहिला. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सहावा, 1971 च्या पहिल्या विश्वचषकात चौथा. त्याआधी 1962 मध्ये मोंबासाच्या सेराफिनो आंताव या गोवेकरानं पर्थच्या राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याची दोन सुवर्णपदकं मारली होती.

1963 च्या डिसेंबरात केनिया स्वतंत्र झाला. नागरिकत्वाचा अर्ज करायला दोन वर्षांची मुदत होती. बरेच जण तो न करता पुढे इंग्लंड-कॅनडाला निघून गेले.

तुमच्या स्मरणिकेत माजी अध्यक्षांचे हार घातलेले फोटो असणारच, असोत. पण कपाटातली जुनी इतिवृत्तं काढ आणि सुरुवातीच्या वर्षांत कुणाकुणाचे सभासदत्वाचे अर्ज फेटाळले, ते बघ. सापडले तर फोटो काढून पाठव. लेख त्यावरच लिहितो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास